दोन आण्यांचा माणूस

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत रंगवायची ठरली आहे. विषय 'जुनं सोलापूर'. सेक्रेटरींनी एक तरुण चित्रकार धरून आणलाय. त्यानं पेन्सिलनं काढलेला कच्चा आराखडा मागच्या आठवड्यात ग्रुपवर आला. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं तळं, गिरणीची चिमणी, चादर विणणारी बाई आणि सगळ्यांच्या पुढं भरधाव निघालेला एक टांगा. टांग्यात खाकी कपड्यातला पोस्टमन, हातात पत्रांची थैली. खाली कोणीतरी लिहिलं, 'काय ते दिवस होते!' मग अंगठ्यांची रांग लागली. मीही अंगठा दिला. मोठ्यांनी नाही दिला तर बरं दिसत नाही.

पण तो घोडा मला कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता. मान कमानीसारखी, छाती भरलेली, अंग तुकतुकीत, पुढचे दोन्ही पाय हवेत. सोलापूरच्या टांग्याला असा घोडा? आमच्या वाड्यापासून स्टेशनापर्यंत जाताना तीन वेळा थांबणारा घोडा मी पाहिलेला आहे. मग हा कुठून आला?

रात्री दोनच्या सुमाराला आठवलं. (या वयात झोप मधेच उडते आणि आठवणी तेव्हाच सुचतात, समवयस्कांना सांगायला नको.) तो आईच्या पत्रांच्या डब्यावरचा घोडा होता!

माझे वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. एका नाताळात त्यांच्या साहेबानं बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा दिला होता. बिस्किटं दोन दिवसांत संपली, डबा पुढं चाळीस वर्षं टिकला. आई त्यात आलेली पत्रं ठेवायची. डब्याच्या झाकणावर एक इंग्रजी चित्र होतं. चार घोड्यांची काळी-तांबडी गाडी, टपावर बसलेली माणसं, मागं लाल कोटातला एकजण शिंग फुंकतोय आणि रस्ताभर बर्फ. आईनं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. ती म्हणायची, "या लोकांची रुई सांडलीय बघ रस्त्यावर." गिरणगावातल्या बाईला पांढरं काही सांडलेलं दिसलं की रुईच आठवणार. आम्हा भावंडांना मात्र तो डबा म्हणजेच टपाल. पत्र म्हटलं की अजूनही माझ्या डोळ्यांपुढं ते चार घोडे येतात. आणि गंमत म्हणजे त्या डब्यातलं एकही पत्र तसल्या गाडीतून आलेलं नव्हतं.

चित्रकार मुलानंही इंटरनेटवरून असलंच एखादं चित्र घेतलं असणार. त्याचा दोष नाही. टपालाच्या घोड्यांची जुनी चित्रं शोधायला गेलं की पहिल्यांदा इंग्लंडच हाती लागतं.

इंग्लंडातल्या या टपालगाड्या २ ऑगस्ट १७८४ ला सुरू झाल्या. बाथ गावात नाटकगृह चालवणारा जॉन पामर नावाचा गृहस्थ होता. नटनट्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना आपल्या गाड्या टपालापेक्षा लवकर पोचतात हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं सरकारच्या मागं लागून ब्रिस्टल ते लंडन अशी पहिली गाडी सोडून दाखवली. दुपारी चारला निघाली, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडनात. सोळा तास! नाटकवाल्यानं टपालखातं सुधारलं, हे माझ्या नाटकवेड्या भावाला मुद्दाम सांगते आहे. या गाड्यांवर टपालखात्याचा स्वतःचा माणूस एकच, तो लाल कोटवाला रखवालदार. त्याच्याजवळ बंदूक, कुलूपबंद घड्याळ आणि शिंग. शिंग वाजलं की जकातनाक्याचं फाटक आधीच उघडून ठेवायचं, गाडी थांबता कामा नये. लहान गावात तर पत्रांची थैली धावत्या गाडीतूनच खाली टाकत.

जेम्स पोलार्ड (१७९२–१८६७) या चित्रकारानं जन्मभर याच गाड्या रंगवल्या. त्याची चित्रं पुढं छापखान्यांतून, भेटकार्डांवरून आणि बिस्किटांच्या डब्यांवरून जगभर गेली. आमच्या डब्यावरचं चित्र त्याचंच होतं असं मी म्हणत नाही, पण धाटणी तीच. त्याची चित्रं मी नातीच्या संगणकावर मोठी करून पाहिली. घोडे बघत राहावे असे. पण पाच-दहा चित्रं झाली की लक्षात येतं, एकही घोडा दमलेला नाही! मैलोन्‌मैल दौडून आलेला घोडा फेसाळतो, त्याच्या नाकपुड्या फाटल्यासारख्या होतात. पंधरा-सोळा किलोमीटरवर घोडे बदलायचे ते हौस म्हणून नव्हे. त्या वेगानं घोडा थोड्याच वर्षांत निकामी होई. चित्रात मात्र सगळे आत्ताच खरारा करून आणल्यासारखे.

त्याचं एक चित्र मात्र वेगळं आहे, १८४५ चं. लाउथहून लंडनला जाणारी टपालगाडी त्यात आहे, पण ती चढवली आहे आगगाडीच्या उघड्या डब्यावर! तीच ऐटदार गाडी, तीच चाकं, पण घोडे जुंपलेले नाहीत, चाकं फिरत नाहीत. लग्नात नवरदेवाऐवजी त्याचा फेटाच मिरवावा तसं काहीसं. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत लंडनच्या टपालगाड्या जवळजवळ संपल्याच. मला पोलार्डचं हे चित्र सगळ्यांत आवडलं. आवडत्या वस्तूचं मरण त्यानं न रडता नोंदवून ठेवलंय.

स्वित्झर्लंडात याहून मोठा विनोद झाला. रुडॉल्फ कोलर या चित्रकाराचं 'गॉटहार्डची टपालगाडी' हे १८७३ चं चित्र तिकडं फार प्रसिद्ध आहे. ते झुरिकच्या कलासंग्रहालयात आहे. डोंगराच्या वळणावरून गाडी सुसाट उतरते आहे, धुरळा उडालाय आणि घोड्यांच्या पुढ्यात एक वासरू जिवाच्या आकांतानं पळतंय. हे चित्र काढून घेतलं कोणी? एका रेल्वे कंपनीनं! आल्फ्रेड एशर नावाच्या रेल्वेच्या कर्त्या पुरुषाला निरोपाची भेट म्हणून. हाच एशर गॉटहार्डच्या डोंगरातून रेल्वे न्यायच्या मागं होता. १८८२ मध्ये ती रेल्वे सुरू झाली आणि चित्रातली गाडी घरी बसली. ज्यानं घोडागाडी संपवली त्याच्याच भिंतीवर ती लावायला दिली. आपण नाही का, वाडा पाडून फ्लॅट बांधतो आणि मग फ्लॅटमध्ये वाड्याच्या दाराचा फोटो लावतो!

बरं, मग आपल्याकडं काय?

शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळं मला आधी आठवली रुक्मिणी. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळं ती घरचीच. तिनं द्वारकेला कृष्णाकडं पत्र पाठवलं. ते घेऊन गेला एक ब्राह्मण. एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त त्याला नाव आहे, सुदेव. विदर्भातून द्वारकेपर्यंत तो कसा गेला असेल याचा विचार करा. पत्र वाचल्यावर कृष्णानं रथ जोडायला सांगितला. रथाच्या चार घोड्यांनाही नावं आहेत. शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक. आणि भागवतात स्पष्ट म्हटलंय की कृष्णानं निघताना त्या ब्राह्मणाला रथात बसवून घेतलं आणि एका रात्रीत विदर्भ गाठला. पत्र आणणाऱ्याला स्वतःच्या गाडीतून परत पोचवणारा असा पत्ता जगात दुसरा नसेल! पण रुक्मिणीहरणाची जी चित्रं मी लहानपणापासून कॅलेंडरांवर पाहिली, त्यांत रथ आहे, चार पांढरे घोडे आहेत, रुक्मिणीला वर घेणारा कृष्ण आहे. सुदेव कुठंच नाही. पोथीत त्याला जागा होती, चित्रकारानं त्याला खाली उतरवलं.

शकुंतलेचं तसंच. राजा रविवर्म्याचं 'शकुंतला पत्रलेखन' तुम्ही पाहिलं असेल. कमळाच्या पानावर ती पत्र लिहिते आहे. हे पोचवायचं कसं, यावर कालिदासाच्या नाटकात चर्चा आहे बरं का. प्रियंवदा म्हणते, फुलांत लपवून देवाचा प्रसाद म्हणून राजाच्या हाती देऊ. पण दुष्यंत तिथंच झाडाआड उभा राहून सगळं ऐकत असतो, तो पुढं येतो आणि टपालाचं काम वाचतं. दमयंतीचं काम हंस करतो, यक्षाचं ढग. ('मेघदूत' नावाचं पंचवीस पैशांचं कार्ड टपालखात्यानं २००२ मध्ये काढलं होतं, पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेलं. आमच्या चुलत सासऱ्यांनी त्यावरून कितीतरी खुशाली कळवल्या.) ढग, हंस, कबुतर चालेल, पण पायाला फोड आलेला माणूस आपल्या चित्रात बसत नाही.

इतिहासातही हेच. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशव्यांना ते दहा दिवसांनी कळलं, माळव्यात भेलशाजवळ. सावकाराचं पत्र घेऊन निघालेला एक कासीद वाटेत सापडला म्हणून कळलं. त्या पत्रातली मोती, मोहरा आणि खुर्द्याची भाषा मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी स्वतः वर्गात ते पत्र किती वेळा रंगवून सांगितलं असेल! पण पस्तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही की बाई, त्या कासिदाचं पुढं काय झालं? आणि खरं सांगू, मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

साहेबांच्या हौसेसाठी कंपनीच्या काळात काही देशी चित्रकारांनी धंद्यांची चित्रं काढली, धोबी, भिस्ती, पालखीचे भोई, त्यात हरकाराही भेटतो. पण तो नमुना म्हणून. पिंजऱ्यातला पक्षी ओळखू यावा तसा.

आता ज्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडला त्या तिकिटांकडं येते. माझ्या आजोबांच्या ट्रंकेतून मला मिळालेल्या जुन्या पाकिटांत एक हिरवट रंगाचं तीन आण्यांचं तिकीट होतं. एका बाजूला मुकुट घातलेला सहावा जॉर्ज आणि बाकीच्या जागेत धावणारा टपालाचा टांगा. १९३७ च्या मालिकेतलं हे तिकीट. छापलेलं कुठं? आपल्या नाशिकला, सरकारी छापखान्यात. त्या मालिकेत हिंदुस्थानात टपाल कसं कसं जातं ते ओळीनं दाखवलंय. दोन आण्यांना धावणारा डाकवाला. अडीच आण्यांना बैलगाडी. तीन आण्यांना टांगा, साडेतीनला उंट. चार आण्यांना आगगाडी, सहाला आगबोट, आठला मोटार आणि बारा आण्यांना विमान.

म्हणजे माणूस सगळ्यांत स्वस्त! बैलापेक्षा अर्ध्या आण्यानं कमी आणि घोड्यापेक्षा एका आण्यानं. तिकिटाची किंमत हे काही त्या माणसाचं मोल नव्हे, हे मला कळतं. ओळ लावताना हळू ते जलद अशी लावली असणार. तरीपण ही उतरंड इतकी बिनचूक आहे की हसावं की रडावं कळत नाही.

पण मी त्या राजाच्या तिकिटाला एक श्रेय देते. आपल्या कॅलेंडरांनी ज्याला रथातून उतरवलं त्या माणसाला त्यानं चौकटीत घेतलं. भाला घेतलेला, रात्री जंगलातून घुंगरं वाजवत पळणारा डाकवाला ज्या पत्रासाठी पळाला, त्याच पत्रावर त्याचं चित्र चिकटलं. आणि टांगाही आला. १८३० मध्ये खंडाळ्याचा घाट चाकांच्या गाड्यांना मोकळा झाला, १८६० मध्ये आगगाडी सोलापुरात आली, तरी स्टेशनापासून गावापर्यंतचा रस्ता बैलाचा, घोड्याचा आणि माणसाचाच राहिला. बार्शीची छोटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पंढरपूरला पोचायला तिला १९०६ उजाडलं. तोवर कुर्डुवाडीला उतरलेला वारकरी गाडी, टांगा नाहीतर पाय यांच्यावरच. रेल्वेनं टांगा मारला असं आपण म्हणतो. इंग्लंडात तसं झालं असेल. आपल्याकडं निदान पन्नास-साठ वर्षं रेल्वेनं टांग्याला पोसलं. प्रत्येक स्टेशनाबाहेर टांग्यांचा अड्डा झाला तो रेल्वेमुळंच. टांगा मेला तो रिक्षानं.

इथपर्यंत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं. चित्रकारांनी हे केलं नाही, ते केलं नाही. आता स्वतःचं सांगते.

१९७९-८० ची गोष्ट असेल. शाळेचं नाव लिहीत नाही, मुलाचंही नाही. चित्रकलेचे सर रजेवर होते आणि आठवीचा तास मला बदलीवर मिळाला. मुलं एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करत होती. स्मरणचित्राचा विषय मीच फळ्यावर लिहिला, 'टांगा स्टँड'. अर्ध्या तासानं फिरत फिरत मागच्या बाकाशी गेले. एका मुलानं कागदभर एकच टांगा काढला होता. स्टँड नाही, माणसांची गर्दी नाही. घोडा मान खाली घालून उभा. तोंडाला तोबरा. बरगड्या अशा की मोजून घ्याव्यात. पुढच्या गुडघ्यावर एक गोल डाग होता. टांग्यात माणसं नव्हती, दोन गोण्यांसारखं काहीतरी होतं.

मी म्हणाले, "अरे, हा घोडा आहे का गाढव? परीक्षक काय म्हणतील? जरा अंगानं भरलेला काढ की."

तो म्हणाला, "बाई, आमचा असाच आहे."

वर्ग हसला. मीही हसले, हे आजही मला टोचतं. भिंतीवर चेतकावर बसलेल्या राणा प्रतापांचं चित्र होतं. मी बोट दाखवून म्हटलं, "तसा काढ." त्या गोण्या कसल्या म्हणून विचारलं, तर म्हणाला, टपालाच्या थैल्या. त्याचे आजोबा गावाकडं स्टेशनावरून टपाल आणायचे म्हणे. तो टांगा आता वडील सोलापुरात चालवत होते. मी म्हटलं, "थैल्या कोणाला कळणार? त्यापेक्षा दोन बायका बसव, रंगीत पातळं नेसलेल्या. चित्र उठून दिसेल."

त्यानं खोडरबर घेतलं. बरगड्या खोडता खोडता कागद एका ठिकाणी फाटायला आला, म्हणून मी त्याला नवा कागद दिला. नव्या कागदावर चेतक आला, दोन बायका आल्या. परीक्षेत तो पास झाला. नववीनंतर शाळेत दिसला नाही.

गुडघ्यावरचा तो गोल डाग कसला होता हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. डांबरी रस्त्यावर घोडा पडला की गुडघा फुटतो आणि तिथं पुन्हा केस येत नाहीत. मुलानं स्मरणचित्र काढलं होतं, अगदी नियमाला धरून. स्मरणात काय असावं ते मीच ठरवून टाकलं.

तेव्हा पोलार्डला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. त्याला घोडे तुकतुकीत हवे होते, मलाही हवे होते. त्याची चित्रं विकत घेणारे निदान गाडीचे मालक आणि शौकीन असतील. मी तर टांग्यातून फिरणारी साधी मास्तरीण, रोज तो घोडा बघणारी.

माझं म्हणणं इतकंच आहे की जुन्या काळाची चित्रं काढणारे आणि ती पुढं पाठवणारे आपण सगळे, ज्यांनी त्या काळात ओझं ओढलं त्यांचं तेवढं पुसून टाकतो. टापांचा आवाज ठेवतो, चाबकाचा काढून टाकतो. पत्राची हुरहुर ठेवतो, पण मे महिन्याच्या दुपारी मंगळवार पेठेतून घामानं भिजलेली थैली घेऊन फिरणारा माणूस नको असतो. कोणी म्हणेल, भिंत शोभेसाठी आहे, तिथं मरतुकडा घोडा कशाला? आमच्या सेक्रेटरींनी हेच म्हटलं. त्यांचंही चुकीचं नाही. सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला बरगड्या का दाखवायच्या? पण मग त्याला 'जुनं सोलापूर' म्हणू नये. 'नाताळची भेट' म्हणावं.

हुसेन पंढरपुरात जन्मले, १९१५ मध्ये. मी पाहिलेले त्यांचे घोडे सगळे मोकळे, उधळलेले. कोणाच्याही तोंडात लगाम नाही. तेही चालेल. घोड्याला टांग्यातून सोडवून मोकळा रंगवला तर तो घोड्याचा तरी होतो. टांग्याला जुंपायचा आणि वर तो खुशीत धावतोय असं दाखवायचं, हे मला पटत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरियांचं २०१५ मध्ये असंच झालं. उच्च न्यायालयानं त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. घोड्यांची तबेल्यातली अवस्था हे त्यामागचं कारण. माझ्या मुंबईच्या बहिणीला फार वाईट वाटलं, मला नाही वाटलं. तिचं-माझं यावर फोनवर भांडण झालं होतं, तिला आठवत असेल. वाईट वाटलं ते गाडीवाल्यांचं, त्यांनी कुठं जायचं? मग २०२१ मध्ये विजेवर चालणारी व्हिक्टोरिया आली. तीच नक्षी, तसेच दिवे, पुढं घोडा नाही. मला एकदम पोलार्डचं १८४५ चं चित्र आठवलं.

असो. भिंतीचं सांगायचं राहिलं. सेक्रेटरींना मी जरा लांबच निरोप लिहिला. त्यांनी कंटाळून चित्रकारालाच रविवारी माझ्याकडं पाठवून दिला. पोरगा नम्र आहे. म्हणाला, "आजी, मी टांग्यात कधी बसलोच नाही. तुम्ही सांगा, मी काढतो." मी सांगत गेले. डोळ्यांना झापडं. खांद्यावर पट्टा घासून गेलेले केस. टांगा उलाळ होऊ नये म्हणून जाड माणसाला पुढं बसवत ते. चाकाजवळ टांगलेला कंदील. पायदानाशी गवताची पेंढी, म्हणजे बसणाऱ्याच्या साडीला काड्या लागायच्याच. मागच्या सीटवर टपालाच्या थैल्या दोन. आणि उजव्या गुडघ्यावर गोल डाग, तो मोठा काढ म्हटलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर तासाभरात त्यानं घोडा उभा केला. बरगड्यांसकट. मी बराच वेळ बघत राहिले.

मग त्यानं विचारलं, "आणि टांगेवाल्याचा चेहरा कसा असायचा?"

मला सांगता येईना. टोपी आठवली, पाठ आठवली, बिडीचा वास आठवला. चेहरा येईना. टांग्यात बायका आणि मुलं मागं बसत, तोंड मागच्या रस्त्याकडं आणि टांगेवाल्याच्या पाठीला पाठ. जन्मभर मी तशीच बसले. उतरल्यावर पैसे देताना तरी वर बघितलं असेल ना? आठवत नाही.

त्यानं ती जागा कोरी सोडली आहे. दिवाळीनंतर भिंतीचं काम सुरू होईल. तेव्हा नातेवाईक आणि सोलापूरकर वाचकहो, तुमच्या जुन्या अल्बमांत लग्नाच्या, मुंजीच्या, पंढरपूरच्या वारीच्या फोटोत कुठं टांगा असेल तर जरा नीट बघा. टांगेवाला पाठमोरा नसलेला एखादा फोटो मिळाला तर लगेच पाठवा. आणि ताई, आईचा तो पत्र्याचा डबा तुझ्याकडंच आहे ना? झाकण पाहायचंय मला.